रक्तातल्या खुणा आणि बार्शीचा पुरावा

सणासुदीच्या दिवसांत सराफांच्या आणि कापडदुकानांच्या जाहिरातींशेजारी आता पॅथॉलॉजी लॅबच्याही जाहिराती झळकतात. ‘फुल बॉडी चेकअप’वर सवलत, घरी येऊन सॅम्पल नेण्याची सोय, आणि साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, व्हिटॅमिन डी या यादीच्या तळाशी एक ओळ: कॅन्सर मार्कर. बायकांसाठी सीए-१२५, पुरुषांसाठी पीएसए, दोघांसाठी सीईए, सीए १९-९ आणि एएफपी. एक-दोन दिवसांत मोबाइलवर रिपोर्ट येतो. डावीकडे चाचणीचं नाव, मग आकडा, मग एकक, उजवीकडे नॉर्मल मर्यादा. सीए-१२५ ची मर्यादा ३५ धरतात. आकडा ३४ आला तर साध्या टायपात, ३६ आला तर ठळक. त्या ठळक आकड्यानं घरातली दिवाळी कशी जाते हे सांगायला नको. या पाचही रेणूंमागचं शास्त्र खरं आहे. त्यांच्या आधारानं होणारे कर्करोगाचे उपचारही खरे आहेत. आणि तरीही धडधाकट माणसाच्या रक्तात ते सरसकट मोजणं बहुतेक वेळा निरुपयोगी आणि कधीकधी घातक ठरतं. ही विधानं एकमेकांना छेद देतात असं वाटेल. ती तसा छेद का देत नाहीत, याचा फार पक्का पुरावा बार्शीच्या एका रुग्णालयातून आणि शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांतून आलेला आहे. त्याकडे येण्याआधी या मार्करांचा उगम पाहायला हवा, कारण घोटाळ्याचं मूळ तिथेच आहे.

कर्करोगाची पहिली रेणवीय खूण सापडली १८४५ साली, लंडनमध्ये. हाडं दुखून खंगत चाललेल्या एका रुग्णाची लघवी डॉ. थॉमस वॉटसन यांनी हेन्री बेन्स जोन्स या रसायनशास्त्रात मुरलेल्या तरुण डॉक्टरकडे तपासायला पाठवली. लघवीत उतरलेलं प्रथिन एरवी तापवलं की साकळतं आणि साकळलेलंच राहतं. इथे भलतंच होत होतं. बेताची ऊब दिली की द्रव गढूळ व्हायचा, उकळला की स्वच्छ, आणि निवू लागला की पुन्हा गढूळ. ती खूण होती अस्थिमज्जेच्या कर्करोगाची, म्हणजे मल्टिपल मायलोमाची. प्रतिपिंडांचे हलके तुकडे लघवीतून वाहून जात होते हे कळायला १९६२ साल उजाडलं, पण तोवर शंभरहून अधिक वर्षं डॉक्टर ही चाचणी वापरत होते आणि ती उपयोगी पडत होती. कारण प्रश्न नेमका होता: समोरचा माणूस आजारी आहे, त्याला झालंय काय? पुढचे मार्करही असेच रुग्णांच्या उशाशी जन्मले. १९६३-६४ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांनी यकृताच्या कर्करोगात एएफपी दाखवलं, १९६५ मध्ये माँट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी आतड्याच्या गाठींमध्ये सीईए शोधलं, १९७९ मध्ये प्रोस्टेटमधून पीएसए शुद्ध स्वरूपात वेगळं झालं, १९८१ मध्ये रॉबर्ट बास्ट यांच्या गटानं अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशींवरून सीए-१२५ पकडलं. ज्याला गाठ आहे त्याची गाठ वाढते की विरघळते हे पाहायला यातला प्रत्येक रेणू चांगला. गाठ आहे की नाही हेच ठाऊक नसलेल्या लाखो लोकांत गाठवाला हुडकून काढायचा तर काय होईल, हा प्रश्न मात्र नंतर आला, आणि त्याचं उत्तर कुणी देण्याआधीच चाचण्या बाजारात उतरल्या.

सीए-१२५ चंच पाहू. हे प्रथिन काही कर्करोगाची मिरास नाही. पोटाच्या आणि छातीच्या पोकळीला आतून जे अस्तर असतं त्याच्या पेशी ते बनवतात, आणि त्या अस्तराला कशानंही त्रास झाला की रक्तातलं प्रमाण चढतं. मासिक पाळीत चढतं, गरोदरपणी चढतं, एंडोमेट्रिऑसिसमध्ये, लिव्हर सिरॉसिसमध्ये चढतं. आपल्याकडे मुद्दाम लक्षात ठेवावं असं एक कारण म्हणजे पोटाचा क्षयरोग. पोटात पाणी, वजनात घट आणि कितीतरी पट वाढलेलं सीए-१२५ असं चित्र घेऊन आलेल्या बाईला अंडाशयाचा कर्करोग समजून ऑपरेशनच्या टेबलावर घेतलं आणि तुकडा तपासल्यावर टीबी निघाला, अशी प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार छापून आली आहेत. सीईए विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत वाढतं. सीए १९-९ काविळीत वाढतं, आणि लुईस नावाच्या रक्तगट प्रणालीतला विशिष्ट प्रकार ज्यांच्यात नाही ते लोक हा रेणू बनवूच शकत नाहीत. त्यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला तरी रिपोर्ट निर्धास्त करणाराच येणार.

पण समजा, याहून कितीतरी सरस चाचणी हाती आली. दहा रुग्णांतले नऊ पकडणारी, आणि निरोगी बायकांपैकी शंभरात नव्याण्णवांना निरोगीच म्हणणारी. एक लाख बायकांना कुठलाही त्रास नाही आणि त्यांतल्या दहाजणींना नकळत अंडाशयाचा कर्करोग आहे असं धरू. चाचणी नऊजणींना गाठेल. उरलेल्या ९९,९९० जणींपैकी एक टक्का, म्हणजे हजारजणींनाही ती कर्करोग सुचवेल. ठळक आकडा आलेल्या १,००९ बायकांमधल्या हजार निरोगी. आता हीच चाचणी, तीच लॅब, तोच रसायनांचा संच, फक्त बायका वेगळ्या: ओटीपोटात गाठ लागली म्हणून दवाखान्यात आलेल्या एक हजार, त्यांतल्या तीनशेंना कर्करोग. चाचणी २७० जणी पकडेल आणि सातजणींबद्दल चुकेल. पहिल्या गटात ठळक आकड्याला शंभरात एकाहून कमी किंमत, दुसऱ्या गटात शंभरात सत्त्याण्णव. रेणूत काहीच बदललं नाही. हा हिशेब शाळकरी टक्केवारीचा आहे, तरी तो रिपोर्टच्या कागदावर कधी छापलेला नसतो.

हा नुसता कागदी हिशेब नाही. अमेरिकेत ७८ हजारांवर बायकांवर झालेल्या चाचणी-प्रयोगात सीए-१२५ आणि सोनोग्राफी दरवर्षी केली गेली. २०११ साली निष्कर्ष आले. तपासणी झालेल्या गटात अंडाशयाच्या कर्करोगानं ११८ मृत्यू, न झालेल्या गटात १००. कर्करोग नसताना चाचणीनं संशय घेतलेल्या बायका ३,२८५. त्यांतल्या १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांपैकी १६३ जणींना गंभीर गुंतागुंत सोसावी लागली. यात कर्करोग कुणालाच नव्हता. ब्रिटिशांच्या प्रयोगात एकेका आकड्याऐवजी त्याचा वर्षागणिक चढ पाहायचं ठरलं होतं. दोन लाखांवर बायका, २००१ पासून भरती, सोळा वर्षांच्या आसपास पाठपुरावा. २०२१ मध्ये उषा मेनन आणि सहकाऱ्यांनी निकाल मांडला. पहिल्या टप्प्यातले कर्करोग खरोखर जास्त सापडले, चौथ्या टप्प्यातले कमी झाले, आणि मृत्यू? मृत्यूंत फरक नाही. हा निकाल पचायला जड आहे, कारण ‘लवकर सापडला की बरा होतो’ हे आपण गृहीतच धरलेलं असतं. जे कर्करोग अलीकडच्या टप्प्यावर ओढले गेले ते स्वभावानं तितकेच जहाल राहिले. कॅलेंडरवर निदानाची तारीख मागे सरकली, मृत्यूची सरकली नाही.

याच ठिकाणी पहिला आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे: आधी कळण्यात तोटा तो काय? जपाननं याची किंमत मोजली आहे. न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांचा कर्करोग विशिष्ट रसायनं लघवीत सोडतो. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जपानमध्ये सहा महिन्यांच्या बाळांची लघवी कागदावर टिपून तपासायची देशव्यापी मोहीम चालली. शेकडो बाळांत गाठी सापडल्या, बहुतेक सगळी वाचली, आकडे डोळे दिपवणारे होते. पण मोठ्या वयात होणारा जीवघेणा न्यूरोब्लास्टोमा होता तेवढाच होत राहिला. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये आणि जर्मनीत तुलना करून पाहिली तेव्हा २००२ मध्ये दोन्हीकडून एकच उत्तर आलं: मृत्यू कमी होत नाहीत. तान्ह्या वयात सापडणाऱ्या बऱ्याच गाठी आपोआप विरून जाणाऱ्या असतात. त्या बाळांना नसत्या शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी मिळाली होती. जपाननं २००४ मध्ये मोहीम थांबवली. सरकारनं स्वतःची लोकप्रिय योजना पुराव्यापुढे मान तुकवून बंद करावी, हे दृश्य दुर्मीळच. दुसरं उदाहरण तर आधीच रुग्ण असलेल्या बायकांचं आहे. अंडाशयाच्या कर्करोगाचे उपचार पुरे झाल्यावर सीए-१२५ वाढू लागलं की रोग परततोय हे लक्षणांच्या काही महिने आधी कळतं. मग लगेच केमो सुरू करावी की त्रास होईपर्यंत थांबावं? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय अभ्यासात ५२९ बायकांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी दोन गटांत विभागणी केली होती. आयुर्मान दोन्हीकडे सारखंच. लवकर औषध मिळालेल्यांचे बरे दिवस मात्र लवकर संपले.

प्रोस्टेटच्या पीएसएची गोष्ट इतकी एकतर्फी नाही, आणि ती तशी रंगवणं अन्यायाचं होईल. १,६२,००० पुरुषांच्या युरोपीय अभ्यासात तेवीस वर्षांनंतर, २०२५ मध्ये, प्रोस्टेटच्या कर्करोगाचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. दर ४५६ पुरुषांना तपासणीला बोलावलं तर एक मृत्यू टळतो, आणि त्या एकामागे बाराजणांना अधिकचं निदान चिकटतं. त्या बारांपैकी अनेकांना आयुष्यभर ज्याचा पत्ताही लागला नसता अशा रोगासाठी शस्त्रक्रिया, लघवीवरचा ताबा जाणं, नपुंसकत्व यांना तोंड द्यावं लागतं. हा सौदा कुणाला पटेल, कुणाला नाही. डॉक्टरांशी बसून, वय आणि घराण्याचा इतिहास पाहून, पुढे एमआरआय आणि नुसती देखरेख ठेवण्याची सोय आहे का हे विचारून पीएसए करणारा माणूस शहाणपणानंच वागतो. पॅकेजमध्ये फुकट मिळालं म्हणून करणाऱ्याला तो सौदा काय आहे हेच कुणी सांगितलेलं नसतं.

आता नाण्याची दुसरी बाजू, जिच्यामुळे मार्कर या शब्दाला एवढं वजन आलं. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियात, एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे अदलाबदल केलेत. त्या सांध्यावर बीसीआर-एबीएल नावाचं जोडजनुक तयार होतं आणि त्याचं प्रथिन पेशीला थांबता येऊ नये असा वाढीचा हुकूम देत राहतं. म्हणजे ही खूण रोगाबरोबर येणारी नव्हती. ती रोगाची कळच होती. त्या प्रथिनाच्या खाचेत बसणारं इमॅटिनिब २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, आणि ज्या रोगात अस्थिमज्जा प्रत्यारोपण न झालेल्यांचं भवितव्य काही वर्षांत मोजलं जाई, त्यात दहा वर्षांनंतर ८३ टक्के रुग्ण हयात राहिले. भारतात या औषधाचा आणखी एक अध्याय आहे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नोवार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला आणि महिन्याला लाखाच्या घरात जाणाऱ्या गोळ्यांच्या जागी काही हजारांच्या भारतीय गोळ्या निर्धास्त मिळत राहिल्या. इथे एक खंत नोंदवायला हवी: गोळी स्वस्त झाली, पण रक्तातलं बीसीआर-एबीएल किती उरलंय हे मोजणारी पीसीआर चाचणी तितकी आवाक्यात आली नाही. गोळी लागू पडतेय का, की पेशींनी पळवाट काढलीय, हे त्या चाचणीवाचून कळत नाही. फ्रान्समध्ये तर तिच्याच भरवशावर, दोन वर्षं रेणूचा मागमूस न लागलेल्या शंभर रुग्णांची गोळी थांबवून पाहिली. सुमारे चाळीस टक्क्यांत रोग परतला नाही, आणि ज्यांच्यात परतला त्यांच्यात तो बहुतांशी पुन्हा आटोक्यात आला. मार्करचं खरं काम ते हे.

फुप्फुसाच्या कर्करोगातला धडा याहून टोकदार आहे. गेफिटिनिब ही गोळी काही रुग्णांत चमत्कार करायची, काहींत काहीच नाही. २००४ मध्ये कळलं की ईजीएफआर जनुकातला विशिष्ट बदल असलेल्यांनाच ती लागू पडते. पूर्व आशियातल्या १,२१७ रुग्णांवरचा अभ्यास २००९ मध्ये आला. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर गोळी केमोपेक्षा थोडी सरस वाटत होती. जनुकाप्रमाणे दोन ढीग केले आणि चित्र पालटलं: बदल असलेल्यांत रोग पुढे सरकण्याचा धोका गोळीनं निम्म्यावर आला, आणि बदल नसलेल्यांत तो केमोच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट झाला. म्हणजे न तपासता गोळी देणं हे काही रुग्णांच्या जिवाशी खेळणं होतं. गोऱ्या रुग्णांत हा बदल दहा-पंधरा टक्क्यांत आढळतो, भारतीयांत साधारण चौथ्या हिश्शात किंवा त्याहून जास्त. तेव्हा इथे ही चाचणी चैनीची मानणं परवडणारं नाही. आतड्याच्या कर्करोगात केआरएएस, स्तनात हर-२ आणि हार्मोन रिसेप्टर, वंशपरंपरागत प्रकारांत बीआरसीए, या सगळ्यांचं तर्कशास्त्र एकच असल्यानं इथे विस्तार नको. रोगी समोर आहे, पर्याय दोन किंवा तीन आहेत, आणि रेणू त्यांतला एक निवडून देतो.

इथवर आलं की एक सोपा निष्कर्ष मोह घालतो: मार्कर उपचारासाठी चांगले, शोधासाठी वाईट. धाराशिव तो निष्कर्ष खोटा ठरवतं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं कारण एचपीव्ही हा विषाणू आहे, हे हॅराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३-८४ मध्ये त्याचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार गाठींतून वेगळे करून दाखवलं. २००८ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. विषाणूची दोन प्रथिनं पेशीचे दोन मुख्य पहारेकरी निकामी करतात. संसर्ग फार जणींना होतो, बहुतेकींत वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात ठाण मांडतो त्यांच्यातल्या काहींत दहा, पंधरा, वीस वर्षांनी कर्करोग होतो. ऑक्टोबर १९९९ पासून टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि ल्यों इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायकांची ५२ गावगटांत वाटणी केली. चार तऱ्हा: एका गटात एचपीव्हीचा डीएनए शोधायचा, दुसऱ्यात पॅप स्मिअर, म्हणजे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या, तिसऱ्यात व्हिनेगरसारखं सौम्य अॅसिटिक आम्ल लावून गर्भाशयमुख नुसत्या डोळ्यांनी पाहायचं, चौथ्यात नेहमीचीच आरोग्यसेवा आणि माहिती. तपासणी प्रत्येकीची एकदाच. एचपीव्हीसाठी गर्भाशयमुखावरून लहानशा ब्रशनं नमुना घ्यायचा, द्रव भरलेल्या नळीत बुडवायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा. ज्यांच्यात दोष निघेल त्यांची कॉल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयमुखाची भिंगातून पाहणी, करून गरजेप्रमाणे तो भाग गोठवून किंवा कापून काढायचा.

आठ वर्षांनंतरचे आकडे २००९ मध्ये छापून आले. एचपीव्ही गटात ३४ मृत्यू, चौथ्या गटात ६४. पुढच्या टप्प्यातले कर्करोग ३९ विरुद्ध ८२. पॅप स्मिअर आणि डोळ्यांनी पाहण्याच्या गटांत ५४ आणि ५६ मृत्यू, म्हणजे फरक आहे पण तो योगायोगापलीकडचा म्हणता येत नाही. आयुष्यात एकदा झालेल्या रेणवीय चाचणीनं मृत्यू जवळजवळ अर्धे केले, तेही अशा भागात जिथे आधी अशी तपासणी जवळजवळ कुणी करून घेतलीच नव्हती. ज्या बायकांची चाचणी निगेटिव्ह आली होती त्यांच्यात नंतर कर्करोग होण्याचं प्रमाण इतर दोन चाचण्यांत निगेटिव्ह आलेल्यांच्या चौथाई होतं. जगभर गर्भाशयमुखाच्या तपासणीचं धोरण वळवण्यात या आकड्यांचा मोठा वाटा आहे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एचपीव्ही डीएनए हीच पहिली पसंती ठरवली. हे आकडे मिळाले त्याला आणखी एक कारण आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू होती, भारतातली पहिली. कर्करोगानं किती दगावले हे सांगायचं तर कोण कशानं दगावलं याची नोंद कुणीतरी गावोगाव फिरून ठेवलेली हवी. डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही चिकाटी नसती तर ३४ आणि ६४ हे दोन आकडे अस्तित्वातच आले नसते.

या संशोधनावर टीकाही झाली, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, पॅप स्मिअर उपयोगी पडतो हे जगाला ठाऊक असताना? संशोधकांचं उत्तर असं, की त्या जिल्ह्यातली रोजची आरोग्यसेवा तीच होती, आणि पॅपची यंत्रणा तिथे उभी राहील का हाच तर प्रश्न होता. उत्तर तर्काला धरून आहे. मन त्यानं पुरतं निवत नाही. आकडे वापरताना ते कुणाच्या जिवावर मिळाले हे माहीत असावं. दुसरी शंका जास्त व्यावहारिक: मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलनंच १९९८ पासून दीड लाखावर बायकांवर अॅसिटिक आम्लाचीच पद्धत वापरली, तीही दहावी शिकलेल्या आणि महिनाभर प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांकडून, आणि २०१३ मध्ये मृत्यूंत ३१ टक्के घट जाहीर झाली. मग रेणू हवाय कशाला? फरक फेऱ्यांचा आहे. मुंबईत दोन-दोन वर्षांनी चार फेऱ्या झाल्या, धाराशिवमध्ये एक. डोळा आज दिसणारा डाग पाहतो, विषाणूची चाचणी पुढच्या दशकातला धोका सांगते. ज्या बाईला शेतावरची मजुरी बुडवून एकदाच यायला जमणार, तिच्या बाबतीत हा फरक जिवाचा आहे.

तेव्हा खरी विभागणी शोध आणि उपचार अशी नाही. सीए-१२५ किंवा सीईए हा गाठीतून, आणि गाठीशिवाय इतर दहा कारणांनीही, निघणारा धूर आहे. एचपीव्ही आणि बीसीआर-एबीएल ही आग आहे. धुरावरून आग शोधायला निघालं की चुली फार सापडतात. पण नुसतं कारण हाती लागूनही भागत नाही, हे नव्या जनुकशास्त्रानं शिकवलंय. सत्तरी ओलांडलेल्यांपैकी दहा टक्क्यांहून अधिक लोकांच्या रक्तपेशींत ल्युकेमियात दिसणारे जनुकीय बदल असतात, आणि बहुतेकांना ल्युकेमिया कधीच होत नाही. मध्यमवयीन, निरोगी माणसाच्या अन्ननलिकेचं अस्तर कर्करोगात सापडणाऱ्या बदलांनी भरलेलं असतं, हे २०१८ मध्ये दिसलं. एचपीव्हीचंही तसंच, म्हणून तर ती चाचणी सहसा तिशीच्या आत करत नाहीत. कारण, त्यातून रोग होईपर्यंतचा लांब अवधी, आणि त्या अवधीत करता येईल असा सोपा, कमी धोक्याचा इलाज, ही तिन्ही एकत्र आली तर शोधाचा मार्कर चालतो. अंडाशयाच्या बाबतीत इलाज म्हणजे पोट उघडणं. गर्भाशयमुखाच्या बाबतीत काही मिनिटांचं काम.

या कसोटीवर रक्ताच्या एका नळीतून पन्नास कर्करोग शोधू म्हणणाऱ्या चाचण्या घासून पाहायला हव्यात. त्या रक्तात तरंगणाऱ्या डीएनएवरचे रासायनिक ठसे वाचतात, आणि त्यांचं तंत्र थक्क करणारं आहे. त्यांतल्या सर्वात गाजलेल्या गॅलेरी चाचणीची चुकून धास्ती घालण्याची खोड अगदी कमी, दोनशेत एक. पण पहिल्या टप्प्यातल्या कर्करोगांपैकी ती जेमतेम १७ टक्के पकडते, चौथ्या टप्प्यातले ९० टक्के. छोटी गाठ रक्तात पुरेसा डीएनए सोडतच नाही. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या ६,६२१ लोकांवर ती वापरली तेव्हा ९२ जणांत इशारा आला, त्यांतल्या ३५ जणांना कर्करोग निघाला, ५७ जणांना नाही. सीए-१२५ पेक्षा ही प्रगती फार मोठी आहे हे कबूल करायला हवं. ब्रिटनच्या आरोग्यसेवेनं २०२१ मध्ये १,४०,००० लोकांवर तिचा प्रयोग मांडला तो मात्र ‘पुढच्या टप्प्यातले कर्करोग कमी होतात का’ या मोजपट्टीवर. उषा मेनन यांच्या अभ्यासानंतर ती मोजपट्टी पुरेशी धरता येत नाही. टप्पा बदलला आणि मृत्यू तेवढेच राहिले, हे एकदा दोन लाख बायकांवर दिसून चुकलं आहे. हेच तंत्र आधीच रुग्ण असलेल्याच्या कामी मात्र आजच येतं. ऑस्ट्रेलियात दुसऱ्या टप्प्यातल्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्या ४५५ जणांत, रक्तात गाठीचा डीएनए उरलाय का हे पाहून केमो द्यायची की नाही ते ठरवलं. केमो घेणाऱ्यांचं प्रमाण २८ टक्क्यांवरून १५ वर आलं, आणि रोग परतण्याचं प्रमाण वाढलं नाही.

शेवटचा आक्षेप खिशाचा. ज्याला परवडतं त्यानं स्वतःच्या पैशानं मार्कर तपासले तर कुणाचं काय गेलं? चाचणीचे पैसे त्याचे, पण ठळक आकड्यानंतरची रांग सगळ्यांची असते. सीटी स्कॅनची तारीख, बायोप्सी वाचणारा पॅथॉलॉजिस्ट, ऑपरेशन थिएटर, आणि टाटासारख्या रुग्णालयात बाहेर फुटपाथवर मुक्काम करून नंबर लावलेली माणसं. भारतात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास बायकांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो आणि ऐंशी हजारांच्या घरात दगावतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तिशी ते पन्नाशीच्या दरम्यानच्या शंभरात दोघींनीही आयुष्यात एकदा ही तपासणी करून घेतलेली नव्हती. ज्या चाचणीचा पुरावा याच मातीत तयार झाला ती इथे दुर्मीळ, आणि जिचा पुरावा दोन खंडांत फसला ती सवलतीत घरपोच.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या आराखड्यात गर्भाशयमुखासाठी अॅसिटिक आम्लाचीच पद्धत आहे. एचपीव्ही डीएनए चाचणी महाग आणि परदेशी यंत्रांवर अवलंबून होती तोवर ते समजण्यासारखं होतं. आता बाईनं स्वतः घेतलेला नमुनाही पुरेसा विश्वासार्ह ठरतो, आणि गोव्याच्या मोलबायो कंपनीची ट्रूनॅट यंत्रं क्षयरोगासाठी सरकारी केंद्रांवर आधीच बसलेली आहेत. त्यांच्यावर चालणारी एचपीव्ही चाचणीही तयार झाली आहे. अडचण यापुढची आहे. धाराशिवमध्ये दहा टक्क्यांच्या आसपास बायका पॉझिटिव्ह आल्या होत्या. एखाद्या तालुक्यात त्या वयाच्या वीस हजार बायका धरल्या तर दोन हजार जणींना पुन्हा बोलवावं लागेल, तपासावं लागेल, काहींवर उपचार करावे लागतील. गर्भाशयमुखावरचा दोष असलेला भाग उष्णतेनं जाळणारं यंत्र हातात मावतं, बॅटरीवर चालतं, आणि प्रशिक्षित परिचारिका ते वापरू शकते. ते कोणत्या केंद्रावर ठेवायचं, कोण चालवणार, आणि न आलेल्या बाईच्या दारात दुसऱ्यांदा कोण जाणार, ही नावं ठरल्यावरच पहिल्या ब्रशचं पाकीट उघडावं.